ब्रिटिश ख्रिसमस डिनरसाठी शाकाहारी मुख्य पदार्थ: निवडीपासून वाढण्यापर्यंत

ब्रिटनमधल्या मराठी घरांत दर डिसेंबरला एकच चूक होते. २५ तारखेला जेवायला इंग्लिश व्याही, ऑफिसातली मंडळी किंवा शेजारी येणार असतात. टर्की किती किलोची घ्यायची इथपर्यंत सगळं ठरतं आणि शाकाहाऱ्यांचं मात्र "भाज्या आहेतच की भरपूर" म्हणून सोडून दिलं जातं. प्रत्यक्षात बटाटे हंसाच्या चरबीत भाजलेले असतात, ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये बेकन असतं, ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते आणि स्टफिंग पक्ष्याच्या पोटात शिजलेलं असतं. शाकाहारी माणूस उकडलेलं गाजर आणि क्रॅनबेरी सॉस खाऊन उठतो.

दुसरी चूक उत्साहापोटी होते. पनीर माखनी, व्हेज बिर्याणी किंवा लझान्या केला जातो. पदार्थ चांगला असतो, पण भाजलेले बटाटे, पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं कंद), रेड कॅबेज आणि वरून ग्रेव्ही या ताटात तो बसत नाही. खाणारा सगळ्यांसोबत बसूनही वेगळंच जेवण जेवतो.

वसईतल्या किंवा गोव्यातल्या नाताळच्या जेवणाची घडण वेगळी आहे, तो विषय इथे नाही. इथे फक्त ब्रिटिश पद्धतीचं ताट, एक ओव्हन आणि मिश्र पंगत.

टप्पा १: कोण काय खात नाही, हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विचारा

"तुम्ही शाकाहारी ना?" एवढ्यावर थांबू नका. ब्रिटनमध्ये शाकाहारी म्हणजे अंडं चालणारा असं धरलं जातं. आपल्याकडच्या अनेकांना अंडं चालत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी ते सांगायला माणसं संकोचतात. म्हणून थेट विचारा: अंडं चालतं का? चीज चालतं का? कांदा-लसूण? मश्रूम? स्वयंपाकात वाइन घातली तर चालेल का? सुकामेव्याची ॲलर्जी कुणाला आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नट रोस्ट, म्हणजे सुकामेवा, भाज्या आणि ब्रेडचा चुरा एकत्र करून साच्यात भाजलेला लोफ, हा इथला नेहमीचा शाकाहारी मुख्य पदार्थ. सुक्या मेव्याची तीव्र ॲलर्जी असलेलं एकही माणूस टेबलावर असेल तर तो घरात करूच नका. त्या माणसाला वाढलं नाही तरी सुरी, कटिंग बोर्ड आणि हातांवरून कण सगळीकडे पोचतात. ब्रिटनमध्ये पाकिटावर १४ ॲलर्जीकारक घटक ठळक छापावे लागतात आणि त्यांत सेलरीही आहे. बाजारातल्या बऱ्याच स्टॉक क्यूबमध्ये सेलरी असते, हे ग्रेव्ही करताना लक्षात ठेवा. चेस्टनट मात्र त्या १४ च्या यादीत नाही, त्यामुळे पाकिटावर ते ठळक दिसेलच असं नाही. ॲलर्जी असलेल्या माणसाला चेस्टनटबद्दल वेगळं विचारा.

मराठी पाहुणे असतील तर कॅलेंडरही बघा. काही वर्षी २५ डिसेंबर मार्गशीर्षात येतो, २०२४ मध्ये आला होता. एरवी चिकन खाणाऱ्या अनेक घरांत हा महिनाभर मांसाहार बंद असतो. तुम्ही दोन शाकाहारी धरलेले असता आणि प्रत्यक्षात सहा निघतात.

*तपासा:* हातात दोन आकडे हवेत, शाकाहारी किती आणि त्यांतले अंडं न खाणारे किती. पदार्थ ठरवताना शाकाहाऱ्यांच्या आकड्यात किमान निम्मे आणखी मिळवा. नट रोस्टचा एक काप टर्कीसोबत स्टफिंगसारखा घेणारे मांसाहारी जवळजवळ नेहमीच निघतात, आणि शाकाहाऱ्यांचा पदार्थ संपतो तो तिथे.

टप्पा २: आधी ओव्हनचं गणित, मग पाककृती

बहुतेक माणसं फोटो बघून पदार्थ ठरवतात आणि २५ तारखेला दुपारी ओव्हनमध्ये जागा नाही हे कळतं. उलट क्रमाने जा.

४ किलोवरच्या टर्कीसाठी सर्वसाधारण हिशेब किलोमागे २० मिनिटं अधिक ९० मिनिटं असा धरतात. म्हणजे ५ किलोच्या टर्कीला ३ तास १० मिनिटं. त्या वेळात साध्या घरगुती ओव्हनमध्ये दुसरं फारसं काही मावत नाही. पण टर्की बाहेर काढल्यावर कापण्याआधी तिला पाऊण ते सव्वा तास झाकून ठेवायची असते. ओव्हन तुम्हाला मिळतो तो याच वेळात, आणि त्यातही बटाटे असणारच आहेत. तुमचा पदार्थ या वेळात बसलाच पाहिजे.

म्हणून पदार्थाला चार अटी लावा:

- बहुतेक काम २४ तारखेला उरकता आलं पाहिजे.
- बटाट्यांच्याच तापमानावर, म्हणजे २०० अंशांवर (फॅन ओव्हन असेल तर १८०), तो पाऊण तासात तयार झाला पाहिजे.
- त्याचा काप ताटात उभा राहिला पाहिजे आणि ग्रेव्ही ओतल्यावर विरघळता कामा नये.
- त्यात डाळ, सुकामेवा, चीज असं पोट भरणारं काही तरी हवं.

चौथी अट लोक विसरतात. अख्खा भाजलेला फ्लॉवर टेबलावर फार देखणा दिसतो, पण खाणाऱ्याच्या ताटात शेवटी आणखी एक भाजीच पडते. तो साइड डिश म्हणून ठेवा.

टप्पा ३: निवड

*नट रोस्ट.* चारही अटी पूर्ण होतात. आदल्या दिवशी भाजून ठेवता येतो, अंड्याशिवाय होतो, ग्रेव्ही शोषून घेतो आणि सेज-थाइमचा वास बाकीच्या ताटाशी जुळतो. पहिल्यांदा करणाऱ्याने डोळे मिटून हाच निवडावा. तो कोरडा आणि बेचव असतो अशी तक्रार ऐकू येते, ती करण्याच्या पद्धतीमुळे. ते पुढे येतंच.

*मश्रूम वेलिंग्टन.* पफ पेस्ट्रीत गुंडाळलेलं मश्रूम, पालक आणि चेस्टनटचं सारण. टेबलावर याच्याइतकं रुबाबदार दुसरं काही नाही. पण पेस्ट्री त्याच दिवशी भाजावी लागते आणि बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत खावी लागते. पाहुणे वेळेवर टेबलाशी बसतील याची खात्री असेल तरच करा. खालची बाजू ओली राहणं ही यातली हमखास चूक. सारण पूर्ण कोरडं परतलेलं आणि फ्रिजमध्ये गार झालेलं हवं, आणि ट्रे आधी ओव्हनमध्ये तापवून त्यावर ठेवायचं. अंडं चालत नसेल तर वरून दुधाचा हात फिरवा, रंग पुरेसा येतो.

*भरलेला बटरनट भोपळा.* ग्लुटेन किंवा सुकामेवा चालत नसेल तर हा बरा. अर्धे भोपळे आदल्या दिवशी भाजून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी भरून गरम करायचे. जैन पाहुण्यांसाठीही हाच, सारणात कांदा, लसूण, मश्रूम न घालता. त्यांची ग्रेव्हीही वेगळ्या पातेल्यात करावी लागेल आणि बटाट्यांऐवजी दुसरी भाजी ठेवावी लागेल, हे आधीच धरा.

दोन मुख्य पदार्थ करण्याच्या फंदात पडू नका. एकच, पण पुरेसा.

टप्पा ४: खरेदी आणि लेबलं

खरेदी २२ तारखेपर्यंत संपवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानुसार मोठी दुकानं ख्रिसमसच्या दिवशी उघडता येत नाहीत. २५ ला सकाळी थाइम नाही हे लक्षात आलं, तर कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं असेल या आशेवर राहावं लागतं. शिजवून हवाबंद केलेल्या चेस्टनटची पाकिटं आधी घेऊन ठेवा, ती टिकतात.

लेबल वाचताना इथे फसायला होतं:

- अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं. कडक शाकाहाऱ्याला ते चालत नाही. चेडर घ्या, पण त्यावरही शाकाहारी असल्याची खूण बघा.
- वूस्टरशर सॉसमध्ये पारंपरिक कृतीनुसार अँकोव्ही मासे असतात.
- ख्रिसमस पुडिंग आणि मिन्स पाय (सुक्या फळांचं गोड सारण भरलेले) यांत स्यूएट, म्हणजे गाई-बैलाची चरबी असू शकते. वनस्पती स्यूएटवालं घ्या.
- ट्रायफल या गोड पदार्थातल्या जेलीत सहसा जिलेटिन असतं.
- यॉर्कशर पुडिंगमध्ये (नावात पुडिंग असलं तरी हा गोड पदार्थ नाही) पारंपरिक कृतीनुसार अंडं असतं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी सोपा मार्ग: तयार पदार्थ घेताना शाकाहारी खुणेवर न थांबता व्हीगन लिहिलेलं घ्या. त्यात अंडं घातलेलं नसतं. ॲलर्जी असेल तर मात्र अंशमात्राची सूचनाही वाचा, कारण व्हीगन लेबल म्हणजे ॲलर्जीमुक्ततेची हमी नव्हे.

टप्पा ५: २४ तारीख, नट रोस्ट

९०० ग्रॅमचा लोफ टिन, सहा ते आठ जणांसाठी:

शिजवलेले चेस्टनट २०० ग्रॅम, अक्रोड आणि काजू मिळून १५० ग्रॅम, मश्रूम २५० ग्रॅम, मसूर डाळ १०० ग्रॅम, आदल्या दिवशीच्या ब्रेडचा चुरा १०० ग्रॅम, मोठे कांदे २, सेलरीचे २ दांडे, किसलेलं गाजर १, लसूण ३ पाकळ्या, सेजची ७-८ पानं, थाइमची पानं १ मोठा चमचा, सोया सॉस १ मोठा चमचा, टोमॅटो प्युरी १ मोठा चमचा, एका लिंबाच्या सालीचा कीस, लोणी किंवा तेल ३ मोठे चमचे, मीठ, भरपूर मिरपूड. बांधणीसाठी जवसाची पूड २ मोठे चमचे, ६ मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवलेली. चेडर चालत असेल तर ७५ ग्रॅम.

१. मसूर डाळ उघड्या पातेल्यात सुमारे २५० मिली पाण्यात शिजवा. कुकर नको. डाळ मऊ झाली की सतत हलवत पाणी पूर्ण आटवा. पळी फिरवल्यावर पातेल्याचा तळ दिसला आणि डाळ परत त्यावर वाहून आली नाही, की झाली. डाळ पातळ राहिली की काप ताटात कोसळतो. या पदार्थात याहून मोठी चूक नाही.

२. अक्रोड आणि काजू १६० अंशांवर ८ ते १० मिनिटं भाजा, गार करा, मग भरड करा. शेंगदाण्याच्या कुटाहून जाडसर हवेत, दाताखाली लागले पाहिजेत. मिक्सर सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. चेस्टनट सुरीनेच चिरा.

३. कांदा आणि सेलरी लोणी-तेलावर मंद आचेवर १५ मिनिटं परता. लसूण शेवटच्या दोन मिनिटांत.

४. मश्रूम बारीक चिरून वेगळ्या रुंद कढईत, मोठ्या आचेवर, मीठ न घालता परता. आधी खूप पाणी सुटेल. घाईची माणसं इथेच गॅस बंद करतात. पाणी आटून सळसळ थांबेपर्यंत आणि मश्रूम कडेने तपकिरी होऊन कढईला चिकटायला लागेपर्यंत परतत राहा. सोया सॉस तेव्हा घाला, तो लगेच शोषला जातो. चव इथे तयार होते. पुढे मसाले वाढवून ती येत नाही.

५. गार झाल्यावर सगळं एकत्र करा. चाखून बघा, अंडं नसल्यामुळे कच्चं मिश्रण बिनधास्त चाखता येतं. मीठ किंचित जास्त लागलं पाहिजे, कारण बटाटे आणि भाज्या सौम्य असतात.

*सावध:* हात गरम मसाल्याकडे जाईल, हिंग-जिऱ्याच्या फोडणीकडे जाईल. आवरा. क्रॅनबेरी सॉस आणि गरम मसाला एकमेकांना मारतात. तिखट हवंच असेल त्यांच्यासाठी टेबलावर हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवा.

*तपासा:* मूठभर मिश्रण घेऊन मुटका वळा. मुठीचे ठसे उमटून तो तसाच राहिला पाहिजे. फुटला तर दोन चमचे स्टॉक घाला. हाताला चिकटून बसला तर मूठभर ब्रेडचा चुरा घालून दहा मिनिटं थांबा. लगेच आणखी चुरा घालू नका, तो हळूहळू ओलावा ओढतो. चुरा जास्त झाला की रोस्ट कोरडा पडतो.

६. टिनला बेकिंग पेपर लावा, दोन्ही बाजूंनी लांब सोडलेला, म्हणजे धरून उचलता येईल. मिश्रण कोपऱ्यांत दाबून भरा. पोकळी राहिली तर काप तिथेच मोडतो. वर फॉइल लावून १८० अंशांवर (फॅन १६०) ४५ मिनिटं भाजा. फॉइल काढायची नाही, वरचा रंग उद्या येणार आहे. दीड-दोन तासांत गार करून टिनसकट फ्रिजमध्ये. रात्रभरात तो घट्ट बसतो, म्हणूनही आदल्या दिवशी करायचा.

टप्पा ६: ग्रेव्हीही २४ लाच

माणशी १०० मिली धरा आणि सगळ्यांना पुरेल एवढी करा. तीन कांदे पातळ चिरून तेल-लोण्यावर किमान २५ मिनिटं, गडद तपकिरी होईपर्यंत परता. सुके मश्रूम गरम पाण्यात भिजवा. ते पाणी गाळून घ्या, तळाशी वाळू असते. कांद्यावर २ मोठे चमचे मैदा घालून दोन मिनिटं भाजा, मग मश्रूमचं पाणी आणि भाज्यांचा स्टॉक मिळून ८०० मिली थोडं थोडं घाला. सोया सॉस, चमचाभर मार्माइट (यीस्टचा घट्ट, गडद अर्क), थाइमची एक काडी. दहा मिनिटं उकळून गाळा.

मार्माइट आणि सोया दोन्ही खारट असतात, स्टॉक क्यूबही खारट असतो. मीठ शेवटी, चाखूनच.

या ग्रेव्हीच्या जगवर चिठ्ठी लावा किंवा वेगळ्या रंगाचा जग घ्या. टर्कीची ग्रेव्ही आणि ही, दोन्ही सारख्याच दिसतात आणि टेबलावर चुकून अदलाबदल होते.

टप्पा ७: २५ तारीख, दोन वाजताच्या जेवणाचं वेळापत्रक

९.००: ओव्हन तापवायला ठेवा. टर्की नळाखाली धुऊ नका. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात, ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सीही हेच सांगते. त्याच ओट्यावर तुमचा शाकाहारी स्वयंपाक व्हायचा आहे.

९.२०: टर्की आत.

१२.००: नट रोस्ट फ्रिजबाहेर. बटाटे (मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड) ८ ते १० मिनिटं उकडून, पाणी काढून, पातेल्यात हलवून कडा खरखरीत करा.

१२.३०: टर्की बाहेर, फॉइलखाली. मांडीच्या जाड भागात ७५ अंश आहेत का बघा. ओव्हन २०० वर, तेलाचा ट्रे आत तापायला.

१२.४०: बटाटे वरच्या कप्प्यात. सूर्यफूल किंवा रेपसीड तेलात, सगळ्यांचेच. चरबीतल्या आणि तेलातल्या बटाट्यांचे दोन ट्रे ठेवण्यात अर्थ नाही. तेल नीट तापलेलं असेल तर कुरकुरीतपणात काही कमी पडत नाही.

१२.५०: नट रोस्ट खालच्या कप्प्यात, फॉइल लावून.

१.२०: फॉइल काढा, वर थोडं लोणी किंवा तेल लावा, आणखी १५ मिनिटं.

१.३५: सुरी मध्यभागी खुपसून दहा आकडे मोजा, काढून बोटाला लावा. चटका बसण्याइतकी गरम असेल तर झालं. कोमट असेल तर परत दहा मिनिटं. कडेला बुडबुडे दिसतात म्हणून आतून गरम असेल असं समजू नका.

१.४०: बटाटे बाहेर. ग्रेव्ही उकळा. स्प्राउट्स बेकनशिवाय परता, बेकन वेगळ्या वाडग्यात.

१.५०: नट रोस्ट पेपर धरून उचला, पाटावर ठेवा. भाजून आल्याबरोबर कापू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबल्यावर काप स्वच्छ येतात. दातेरी सुरी, बोटभर जाडीचे काप.

*सावध:* टर्की कापायची सुरी आणि पाट नट रोस्टला वापरायचा नाही. घाईत हेच होतं. दोन्ही आदल्या रात्रीच वेगळे काढून ठेवा.

टप्पा ८: वाढणं

शाकाहाऱ्यांना आधी वाढा. मग पदार्थ मोकळेपणाने सगळ्यांसमोर फिरू द्या. टर्कीसारखाच तोही मोठ्या ताटलीत, वर सेजची तळलेली पानं आणि थोडे चेस्टनट घालून, टेबलाच्या मध्यभागी ठेवा. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या डब्यासारखी त्याची अवस्था करू नका. प्रत्येक वाडग्यात स्वतःचा चमचा.

तुम्हीच पाहुणे असाल तर

"आमचं काही नाही, आम्ही भाज्या खाऊ" हे वाक्य म्हणू नका. यजमानाला त्याने सोयीचं वाटतं आणि तुमची पंचाईत होते. दोन आठवडे आधी कळवा: आम्ही शाकाहारी मुख्य पदार्थ आणि ग्रेव्ही घेऊन येतो, ओव्हनमध्ये ४५ मिनिटं एक लोफ टिन बसेल का? बटाटे तेलात भाजाल का, हेही तेव्हाच विचारा. इंग्लिश यजमानाला हे आगाऊपणाचं वाटत नाही. २५ ला सकाळी सांगितलेलं मात्र अवघड जातं. त्या दिवशी रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते, तेव्हा टिन मांडीवर घेऊन कसं पोचणार तेही ठरवून ठेवा. वेलिंग्टन घेऊन जाऊ नका, वाटेत पेस्ट्री मऊ पडते. ग्रेव्हीच्या जगसाठी चिठ्ठी आणि वेगळी सुरी बरोबर न्या.

उरलं तर

जेवण संपल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दोन दिवसांत संपवा. हा रोस्ट एकदा पुन्हा गरम झालेला आहे, त्यामुळे २६ ला परत परत गरम करत बसू नका. गार कापच ब्रेडमध्ये, क्रॅनबेरी सॉस आणि थोडी मोहरी लावून खा. जास्त उरेल असं आधीच दिसत असेल तर २४ ला गार झाल्यावर, दुसऱ्यांदा ओव्हनमध्ये घालण्याआधी, एक तुकडा कापून फ्रीझरमध्ये टाका. जानेवारीत एका रात्रीच्या जेवणाची सोय होते.